रोज एक फोटो काढायचाय, पण कशाचा?

मागच्या अंकात शेवटच्या पानावर मी सहज विचारलं होतं, फोटो काढायचा कंटाळा आलेले किती जण आहेत, आणि रोज एक फोटो, तोही एकाच विषयावरचा, असं काही करून बघावंसं वाटतंय का. चार-दोन पत्रं येतील असं वाटलं होतं. आलेला ढीग बघता निम्मा महाराष्ट्र कंटाळलाय. सगळ्यांना उत्तर देणं काही शक्य नाही, त्यातली सहा घेतलीत, काही लांबलचक होती ती कापलीत, रागावू नका.

प्रश्न: ताई नमस्कार. बार्शीत माझा स्टुडिओ आहे, बारा-तेरा वर्षं लग्नाचंच काम करतोय. आता असं झालंय की हळद म्हटली की हळदीचे ठरलेले अँगल, मंगलाष्टका सुरू झाल्या की अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंच्या ठरलेल्या दोन फ्रेम, प्री-वेडिंगला तोच तलाव आणि तोच रंगीत धूर. कस्टमर मोबाइलवर रील दाखवतो आणि म्हणतो डिट्टो असंच पायजे. पैसे बरे मिळतात, तक्रार नाही, पण घरी आल्यावर कॅमेरा बॅगेतून काढावासाच वाटत नाही. पोराच्या वाढदिवसाचे फोटो शेवटी मेव्हण्याने काढले, बायको चांगलीच बोलली. आता सीझन संपलाय तर ३६५ दिवसांचा प्रोजेक्ट सुरू करू का? थीम 'माणसांच्या भावना' अशी ठरवलीय.
— एक फोटोग्राफर, बार्शी

उत्तर: भाऊ, प्रोजेक्ट कराच. फक्त ते ३६५ सोडा, आणि 'माणसांच्या भावना' तर आत्ताच्या आत्ता सोडा.

आधी विषयाचं बोलू. भावना तुम्ही लग्नात दिवसभर काढताच की. पाठवणीला आईच्या डोळ्यातलं पाणी, करवल्यांचा हशा, मामाचा दमलेला चेहरा, त्याचेच तर पैसे मिळतात आणि त्याचाच वीट आलाय, परत तेच घरी आणून कसं चालेल? आणि भावना सकाळी घराबाहेर पडल्यावर नक्की कुठे भेटते हे कोणालाच माहीत नसतं. दिवसभर काही सापडत नाही, रात्री साडेदहाला आठवतं की आजचा राहिला, आणि मग घरातल्याच कोणालातरी धरून 'जरा उदास बस' म्हणायची वेळ येते. विषय असा घ्या जो बोट दाखवून सांगता येतो. कुलपं घ्या, प्लास्टिकच्या खुर्च्या घ्या, दोरीवर वाळणारे कपडे घ्या. रोज तुमच्या रस्त्यात येते, फुकट आहे, आणि आजपर्यंत एकाही कस्टमरने 'ह्याचा काढा' म्हटलेलं नाही अशी कुठलीही वस्तू.

तुमच्या जागी मी असते तर दाराबाहेरच्या चपला घेतल्या असत्या. हसू नका. बार्शीसारख्या गावात चपला काढल्याशिवाय कुठे आत जाता येतं सांगा? देऊळ, दवाखाना, ट्यूशन, मयताचं घर, बारशाचं घर, हॉलमधली पंगत. परवा एका क्लासच्या जिन्याखाली बघत उभी राहिले होते. वीसेक जोड एकमेकांवर चढलेले, पावसाळी प्लास्टिकचे निळे-काळे सँडल, एका डाव्या चपलेचा अंगठा तारेने बांधलेला, आणि या सगळ्या गोंधळापासून हातभर लांब, टाचा भिंतीला लावून ठेवलेले पांढरे बूट, लेस आत खोचलेली, वर किराणाच्या दुकानातली पिशवी झाकलेली. त्या पोराचा चेहरा बघायची गरजच नाही, बूट नवे आहेत, आईने दहा वेळा बजावलंय आणि तो वर बसून अर्धा जीव जिन्याखाली ठेवून गणितं सोडवतोय. तुम्हाला भावनाच पाहिजे होती ना, घ्या.

आता ३६५ का नको. एक तर ती संख्या कॅलेंडरची आहे, तुमच्या कामाशी तिचा संबंध नाही. डिसेंबरात एका दिवशी दोन लग्नं आली की तुमचा प्रोजेक्ट तिथेच बोंबलणार, आणि मग अर्धवट सोडल्याची टोचणी वेगळी. आपल्या आज्या चातुर्मासाचा नेम धरायच्या बघा, कोणी कांदा-लसूण सोडायचं, कोणी वांगं, कोणी रोज एक अध्याय वाचायचं, तसा नेम धरा. त्यात मला आवडतं ते हे की नेम छोटा असतो, रोजचा असतो, कोणाला सांगत फिरायचा नसतो आणि त्याला शेवटाची तारीख असते. आणि तुमच्या धंद्याला तर हे आयतंच बसतं, आषाढीनंतर मुहूर्त जवळपास बंद, तुळशीच्या लग्नापर्यंत हात मोकळे. आषाढी ते कार्तिकी धरा. जास्त वाटत असेल तर नुसता श्रावण धरा, तेवढ्यानेही काम होईल.

बॅग घरी ठेवा. खरंच. दोन बॉडी, फ्लॅश, सत्तर-दोनशेची झूम लेन्स, हे सगळं खांद्यावर आलं की हात आपोआप लग्नासारखे चालायला लागतात. एक बॉडी आणि एक प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स. तुमच्याकडे ५० एमएम असणारच, पण बॉडी क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरची असेल तर ती ७५-८० सारखी वागते, जिन्याखालच्या अरुंद जागेत मागे सरकायला भिंत आडवी येते, तिथे ३५ बरी. फ्लॅश नाही, पोर्ट्रेट मोड नाही, चपला हाताने हलवायच्या नाहीत. शेवटचं तर फारच महत्त्वाचं. लग्नात आपल्याला प्रत्येक गोष्ट सरकवायची सवय लागलेली असते, ताटातला मोदकसुद्धा आपण वळवून ठेवतो, ती सवय मोडायची असेल तर 'हात लावायचा नाही' हा नियम कडक पाळा. जे आहे ते तसं आहे, तुम्हीच गुडघ्यावर बसा, फिरा, वाट बघा.

रोज काढा कितीही, पण रात्री एकच ठेवायचा. खरं काम तिथे होतं. लग्नात आपण तीन हजार फ्रेम मारतो आणि निवडायचं पाप पार्टीवर सोडतो, ते काय निवडतात तुम्हाला माहितीच आहे. इथे तुमचा तुम्हाला निवडायचाय आणि का निवडला हे एका ओळीत वहीत लिहायचंय. 'लाइट चांगला होता' एवढंच लिहिता येत असेल तर तेच लिहा, पण सलग चार दिवस तेच लिहिलं की तुमचं तुम्हालाच कळेल.

पहिले आठ-दहा दिवस मजेत जातात कारण सुचलेलं सगळं तेव्हाच काढून होतं. मग एक भयंकर पोकळ आठवडा येतो. चपलांचे काय फोटो काढायचे अजून, झाले की काढून. इथे बहुतेक लोक विषय बदलतात, आणि माझ्या मते इथे विषय बदलणं म्हणजे सगळं मुसळ केरात. एडवर्ड वेस्टन नावाचा अमेरिकन फोटोग्राफर होता, त्याने १९३० साली भोपळी मिरचीचे फोटो काढले. एक नाही, एका मागोमाग एक तीसेक निगेटिव्ह केल्या. त्यातली 'पेपर नंबर ३०' ही जगभर गाजली, ती बघताना मिरची आहे की पाठमोरा माणूस आहे असा प्रश्न पडतो. आणि त्याने काय केलं होतं तर मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली, मागे-पुढे वळणारा मऊ उजेड त्या पत्र्यावरून मिळाला, बस्स. पुन्हा पुन्हा मिरच्याच काढत राहिला म्हणून ती युक्ती हाताला लागली. दुसऱ्या-तिसऱ्या मिरचीवर तो टोमॅटोकडे वळला असता तर ते नरसाळं स्वयंपाकघरातच राहिलं असतं. (मॉडेलचं काम झालं की तो त्या मिरच्या खायचा म्हणे, आपल्याला चपलांबाबत ती सोय नाही.)

शेवटी उद्यापन करा. सगळे फोटो चार बाय सहामध्ये छापून घ्या, करिझ्मा अल्बम नको, साधे सुटे प्रिंट, आणि स्टुडिओच्या फरशीवर ओळीने मांडून पोराला आणि बायकोला बोलवा. आणि सुरुवात कुठून करायची हे विचारणार असाल तर पोराच्या शाळेच्या बुटांपासून करा, म्हणजे बायकोकडचा हिशोबही थोडा जुळेल.

प्रश्न: माझं वय ६८. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी जिना बंद केलाय, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. बँकेत होते तेव्हा ट्रिपला वगैरे फोटो काढायचे, सगळे म्हणायचे छान काढतेस. आता खिडकीतून समोरच्या सोसायटीची भिंत दिसते, तिची पाण्याची टाकी आणि एक शेवग्याचं झाड. मुलाने फोन चांगला दिलाय. पण रोज रोज टाकीचा फोटो काढून मला वेड लागेल असं सून म्हणते. तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: काकू, सुनेला सांगा की ह्या वेडाला फार मोठी परंपरा आहे.

प्रागमध्ये योसेफ सुदेक नावाचे एक गृहस्थ होते. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला, तरी आयुष्यभर मोठमोठे जड कॅमेरे एका हाताने सांभाळत फोटो काढले. १९४० पासून, म्हणजे शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, त्यांनी स्वतःच्या छोट्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली आणि १९५४ पर्यंत काढत राहिले. काचेवर साचलेली वाफ, ओघळलेले थेंब, काचेपलीकडे एक वाकडंतिकडं झाड, खिडकीत ठेवलेला एखादा पेला. एक खिडकी आणि चौदा वर्षं. तुमच्याकडे झाड आहेच, वर टाकी बोनस.

दुसरे आंद्रे केर्तेस, तेही फोटोग्राफर. हंगेरीचे, पुढे न्यूयॉर्कला राहिले. १९७७ मध्ये बायको गेली, वय ऐंशीच्या पुढे, घरातून बाहेर पडावंसं वाटेना. तेव्हा हातात पोलरॉइड, म्हणजे फोटो लगेच छापून देणारा कॅमेरा आला आणि त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या छोट्या छोट्या वस्तू ठेवून फोटो काढले, काचेतून मागचं शहर उलटंसुलटं दिसतंय असे. मी ते फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हा खूप वेळ पुढचं पान उलटलंच नाही.

तर आता कामाचं. आधी फोनची लेन्स पुसा. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या फोनवर फोडणीचा एक थर असतोच आणि मग सगळे म्हणतात फोनचा कॅमेरा खराब झाला. चष्म्याचं कापड घ्या, पदर नको, पदराने तो थर नुसता पसरतो. मग एक दोन दिवस फोटो काढूच नका, नुसतं बघा की ऊन तुमच्या घरात कुठून येतं, किती वाजता टाकीवर पडतं, किती वाजता शेवग्याची सावली भिंतीवर येते, ते कागदावर लिहून फ्रिजला लावा. खिडकीच्या कठड्यावर फोन टेकवायची एक जागा ठरवा आणि तिथे एक टिकली चिकटवा, म्हणजे रोज फोन त्याच जागी येईल. फोटोची चौकट रोज तीच राहिली की त्यात काय बदललं ते दिसायला लागतं, नाहीतर आपण आपल्याच हलण्याला बदल समजतो.

पावसाचे थेंब काचेवर असतील तेव्हा स्क्रीनवर थेंबावर बोट टेकवा, थेंब स्पष्ट येतील आणि टाकी पुसट. मग टाकीवर टेकवा, उलटं होईल. एकाच जागेचे हे दोन वेगळे फोटो आहेत. भिंत फारच पांढरी येत असेल तर बोट दाबून ठेवा, फोकस आणि उजेड लॉक होतो, मग बोट खाली सरकवलं की फोटो गडद होतो, बहुतेक फोनमध्ये हे असतं.

आणि शेवग्यावर रोज कोण येऊन बसतं त्याचीही एक नोंद ठेवा. टाकी साफ करायला माणूस चढेल तो दिवस तर तुमची दिवाळीच.

प्रश्न: मी एमआर आहे, लातूर-नांदेड-उदगीर असा पट्टा. आठवड्यातले पाच दिवस एसटीत. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये आणि एसटीत मिळून आयुष्य चाललंय. फोटोचा नाद कॉलेजपासून आहे पण वेळच नाही हो. रोज वेगळं गाव असताना एक थीम कशी धरायची?
— एक प्रवासी, लातूर

उत्तर: वेळ नाही म्हणता आणि रोज तीन-चार तास एसटीत खिडकीपाशी बसून असता. गाव रोज वेगळं असेल, खिडकी तीच आहे ना, मग खिडकीच तुमची थीम.

रघुबीर सिंग हे आपल्याकडचे मोठे फोटोग्राफर, रंगीत फोटोग्राफीला कोणी गंभीरपणे घेत नव्हतं तेव्हापासून रंगात काम केलेले. त्यांनी अ‍ॅम्बॅसेडर गाडीतून देशभर फिरून फोटो काढले, आणि गाडी नुसती प्रवासाला नाही वापरली, फोटोत घेतली. दाराची कड, काच, साइडचा आरसा, वायपर, त्यातून दिसणारा रस्ता. एकाच फोटोचे गाडीने तीन-चार तुकडे केलेत आणि प्रत्येक तुकड्यात वेगळंच काहीतरी चाललंय. १९९९ मध्ये ते गेले, या फोटोंचं पुस्तक त्यानंतर २००२ मध्ये आलं, मिळालं कुठे तर नक्की बघा.

लालपरीची खिडकी तर त्याहून भारी आहे. आडवे गज, सरकत्या काचेची फट, काचेवर कोणीतरी बोटाने लिहिलेलं नाव, मागच्या सीटवरच्या बाईच्या साडीचं काचेत पडलेलं प्रतिबिंब. गज टाळायचा प्रयत्न करू नका, त्यांनाच चौकट करा. बस पळत असताना फोटो हलणारच, शटर स्पीड हातात असेल तर एक-हजारांश सेकंदाच्या आसपास ठेवा, फोन असेल तर सरळ स्टँडवर गाडी लागेपर्यंत थांबा. मला तर स्टँडवरचेच जास्त आवडतात, कारण तिथे खिडकीखाली कोणीतरी वर बघत उभं असतं, शेंगावाला नाहीतर पोहोचवायला आलेलं माणूस, आणि तुम्ही वरून. हा अँगल दुसऱ्या कुठल्या वाहनातून मिळत नाही. नुसतं खिडकीतून डोकं-हात बाहेर काढून फोटो काढू नका एवढीच विनंती, कंडक्टर ओरडेल तो भाग वेगळा.

वेटिंग रूम मात्र सोडा. तिथे पेशंट असतात.

प्रश्न: हाय मॅम, मी पुण्यात एसवायला आहे. जानेवारीत 'रोज एक लाल गोष्ट' असं सुरू केलं, रोज इन्स्टावर टाकत होतो. सुरुवातीला बरे लाइक्स यायचे, मग उतरतच गेले, आणि मार्चमध्ये परीक्षेत दोन दिवस चुकले तर स्ट्रीक तुटला म्हणून सगळाच सोडला. आता परत सुरू करायचाय पण मोटिव्हेशन येत नाही. टाइम टाकायचा आणि कोणी बघतच नाही तर काय पॉइंट?
— एक स्टुडंट, पुणे

उत्तर: अरे, तुझा विषय बरा होता, तुझी अडचण लाल रंगाची नाहीच. रोज फोटो काढणं आणि रोज दुकान उघडणं ही दोन कामं तू एकत्र करून बसलास. रात्री अकराला फोटो टाकायचाय म्हटल्यावर तू काय काढत असशील ते मला न बघता सांगता येतं, लाल छत्री, लाल बस, लाल भिंतीसमोर मित्र. कारण त्यालाच लाइक्स येतात. घरी तिखटाच्या डब्याच्या झाकणाला आतून जी लाली चिकटलेली असते ती तू काढली नसशील, काढली असशील तर टाकली नसशील.

जेमी लिव्हिंगस्टन म्हणून एक होता, अमेरिकेत. ३१ मार्च १९७९ ला, कॉलेजात असताना, त्याने रोज एक पोलरॉइड काढायला सुरुवात केली. एक दिवस, एक फोटो. त्यात मित्र आहेत, जेवणाची ताटं आहेत, न्यूयॉर्कचे रस्ते आहेत, काही तर अगदीच यथातथा. २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत हे चाललं, त्या दिवशी तो कॅन्सरने गेला, एक्केचाळिसाव्या वाढदिवसाला. साडेसहा हजारांवर फोटो. जवळचे मित्र सोडले तर हे कोणाला फारसं माहीतही नव्हतं, पुढे मित्रांनीच ते स्कॅन केले आणि २००७ मध्ये त्याच्या कॉलेजात प्रदर्शन लावलं. त्याला थीमबीम नव्हती, तुझ्यापेक्षा सोपं होतं म्हण, पण अठरा वर्षं लाइक्स नव्हते.

मी टाकूच नको म्हणत नाहीये. महिनाभर काढ, कोणाला दाखवू नको, मग त्यातले नऊ निवड आणि एकदम टाक. नऊ शेजारी शेजारी आले की एकट्या फोटोला नसलेली गंमत येते, लालचे किती प्रकार असतात ते तिथे दिसतं, गेरू वेगळा, कुंकू वेगळं, सिग्नल वेगळा, उन्हात विटलेला झेंडा तर गुलाबीच. आणि स्ट्रीक हा शब्द डोक्यातून काढून टाक, तो अ‍ॅपवाल्यांचा आहे, तू परत परत यावंस म्हणून केलेला. दोन दिवस चुकले तर तिसऱ्या दिवशी काढायचा, मागच्या दोन दिवसांचे आज काढून भरायचे नाहीत.

(जाता जाता, नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या नेसून ऑफिसात, लोकलमध्ये ग्रुप फोटो काढून पेपरला पाठवणाऱ्या बायकांना सगळे हसतात. पण रोजचा ठरलेला विषय, ठरलेली मुदत, आणि एकही दिवस चुकत नाही! कॉलेजातल्या कुठल्याही फोटोग्राफी क्लबला हे आजवर जमलेलं मी बघितलेलं नाही.)

प्रश्न: आम्ही ड्युसेलडॉर्फला असतो. इथे डिसेंबरमध्ये सकाळी साडेआठला उजाडतं आणि साडेचारला अंधार, मधल्या वेळात मी ऑफिसात. आकाश आठवडेच्या आठवडे राखाडी. नाशिकला असताना उन्हात मस्त फोटो यायचे, इथे कॅमेरा काढायची इच्छाच मेली. हिवाळ्यासाठी काही थीम सुचवाल का? आत्तापासूनच मनाची तयारी करतेय.
— एक वाचक, जर्मनी

उत्तर: तुम्ही राखाडी आभाळाबद्दल तक्रार करताय आणि तीही ड्युसेलडॉर्फमधून! बर्न्ड आणि हिला बेखर हे जोडपं तुमच्याच गावातलं, बर्न्ड तिथल्या आर्ट अकादमीत १९७६ पासून शिकवायचे. दोघांनी १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, भट्ट्या, गॅसच्या टाक्या असल्या गोष्टींचे फोटो काढले, आणि त्यासाठी ते मुद्दाम ढगाळ दिवसाची वाट बघायचे. ऊन पडलं की सावल्या पडतात, आणि सावली म्हणजे त्या वेळेची, त्या दिवसाची गोष्ट, त्यांना टाकीची गोष्ट पाहिजे होती. सगळे फोटो समोरून, सरळ, एकसारख्या उजेडात, आणि मग नऊ-बारा-पंधरा टाक्या एका चौकटीत शेजारी शेजारी. मग आपोआप नजर तुलना करायला लागते, हिची टोपी बघ, हिचे पाय बघ. तुमच्या शहरातल्या म्युझियममध्ये बघायला मिळण्याची शक्यता बरीच आहे, आम्हाला इथून पुस्तकांवरच भागवावं लागतं.

तर शनिवार-रविवारच्या दुपारी त्या राखाडीत काय एकसारखं घेता येईल बघा, घंटीच्या पाट्या, पोस्टाच्या पेट्या, सायकली बांधायचे खांब. आणि इतर दिवशी ऑफिसातून निघताना अंधार नुकताच पडत असतो तो पाऊण तास. आभाळ अजून काळं झालेलं नसतं, गडद निळं असतं, आणि घराघरातले पिवळे दिवे लागलेले असतात, दोन्हींचा उजेड साधारण सारखा असतो म्हणून दोन्ही फोटोत येतं. अर्ध्या-पाऊण तासाने आभाळ काळंकुट्ट होतं आणि ते गेलंच. ट्रामचा एक स्टॉप ठरवा, रोज त्याच्याच समोर एक मिनिट थांबा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा तोल ठरवणारं सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, तो रोज वेगळा अंदाज बांधतो आणि निळा-पिवळा दोन्ही धुवून टाकतो, दिवसाच्या उजेडाचं सेटिंग ठेवून द्या. लोकांच्या खिडकीच्या आत मात्र लेन्स रोखू नका, तिथले लोक याबाबतीत फार काटेकोर असतात आणि मला ते पटतं.

नाशिकसारखे फोटो तिथे येणार नाहीत. तिथलं ऊन मनात धरून बसलात तर हाही हिवाळा जाईल.

प्रश्न: मंडईतल्या वजनकाट्यांचे फोटो रोज काढतोय, महिना झाला. विषय फार रंगलाय. पण भाजीवाले हटकतात, एकाने तर महानगरपालिकेचा माणूस समजून माल झाकला. आणि दुसरं, हे सगळे फोटो फोनमध्येच आहेत, फोन गेला तर काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर: वजनकाट्याचाच फोटो काढताय म्हटल्यावर माल झाकणारच हो! फोटो काढायच्या आधी पाव किलो काहीतरी घ्या, सकाळी सकाळी गिऱ्हाईक नसताना जा, आणि सरळ सांगा की मला तराजूचे फोटो काढायचा नाद आहे. नादाला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. महिना झालाय तर आत्तापर्यंतच्या फोटोंचे प्रिंट काढा आणि ज्याचा काटा त्याला नेऊन द्या. ज्याने माल झाकला त्याला पहिला द्या. पुढच्या वेळी तोच सांगेल की पलीकडच्या गल्लीत आजोबांकडे जुना पितळी तराजू आहे. चेहरा येत असेल तर विचारूनच, लहान मुलं असतील तर त्यांच्या घरच्यांना विचारून, आणि कोणी नको म्हटलं तर त्याच्यासमोरच डिलीट करा.

फोनचं म्हणाल तर दर रविवारी सगळे फोटो कम्प्युटरवर उतरवा, दुसरी कॉपी हार्ड डिस्कवर, आणि ती हार्ड डिस्क त्याच घरात ठेवू नका, सांगलीत पुराचं पाणी कुठवर येतं ते मी तुम्हाला सांगायला नको. बहिणीकडे, मित्राकडे, वरच्या मजल्यावर कुठेही. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच फोटो पाठवून ठेवणं म्हणजे बॅकअप नाही, तिथे साधा पाठवला की फोटो बारीक होतो, पुढे छापायला घेतलात की काट्यावरचे आकडे फुटतील. फोल्डरला तारखेचंच नाव द्या, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे ओळीने लागतात.